क्रूझवरची टीप आणि बोटीवरचा पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नऊ वर्षं बोटीवर होतो. आधी असिस्टंट वेटर, मग केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा. आता वेंगुर्ल्याला घरी असतो आणि माझ्याकडे दोन प्रकारची माणसं प्रश्न घेऊन येतात. एक, ज्यांनी सिंगापूरची किंवा युरोपची क्रूझ बुक केली आहे आणि बिलातली ‘ग्रॅच्युइटी’ बघून ज्यांचं डोकं फिरलं आहे. दुसरी, नुकतंच हॉटेल मॅनेजमेंट संपवलेली मुलं आणि त्यांचे आईबाप. दोघांना वाटतं आपले प्रश्न वेगळे आहेत. तसे ते नाहीत, म्हणून एकाच ठिकाणी उत्तरं लिहून ठेवली.

ही ग्रॅच्युइटी म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे पाच वर्षं नोकरी केल्यावर, ती सोडताना मिळणारी रक्कम. माझे वडील एसटीत होते. पहिल्या कॉन्ट्रॅक्टला मी फोनवर उत्साहाने म्हटलं, “बाबा, या महिन्यात ग्रॅच्युइटी चांगली मिळाली.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात विचारलं, “काढलं काय रे तुका?”

क्रूझवर ग्रॅच्युइटी म्हणजे टीप. फरक एवढाच, की ती तुम्ही खिशातून काढून देत नाही. माणशी, दिवसाला ठरलेली रक्कम कंपनी तुमच्या बोटीवरच्या खात्यात रोज टाकत जाते आणि शेवटच्या दिवशी कार्डावरून वसूल करते. काही कंपन्या तिला ‘सर्व्हिस चार्ज’, काही ‘क्रू अ‍ॅप्रिसिएशन’ म्हणतात. नाव काहीही असो, हा किरकोळ खर्च नाही. तिकिटाच्या जाहिरातीत न छापलेला तिकिटाचाच तो एक भाग आहे.

चौघांच्या कुटुंबाला किती पडेल?

अमेरिकी बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा साध्या केबिनचा दर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आहे, स्वीटला, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनला, त्याहून जास्त. १८ डॉलर धरा. चौघं, सात रात्री: ५०४ डॉलर. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. ‘फक्त इतक्यात सात रात्रीची क्रूझ’ असं म्हणणारी जाहिरात वाचताना हा आकडा मनात धरूनच वाचा.

मुलांनाही बहुतेक ठिकाणी पूर्ण दर लागतो. अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या सोडतात आणि युरोपातल्या काही कंपन्या लहान मुलांना कमी दर लावतात. सिंगापूरहून सुटणाऱ्या काही बोटींवर हिशेब सिंगापूर डॉलरमध्ये असतो.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर पॅकेजच्या कागदावर दोन वेगळ्या ओळी शोधा: क्रूझची ग्रॅच्युइटी, आणि जमिनीवरच्या बस ड्रायव्हर व गाइडची टिपिंग. एक ओळ ‘समाविष्ट’ आहे म्हणून दुसरीही असेल असं धरून चालू नका. सर्वांत जास्त भांडणं इथेच होतात, आणि ती टूर मॅनेजरशी न होता रिसेप्शनवरच्या मुलीशी होतात, जिचा यात काडीचाही संबंध नसतो.

हे पैसे खरंच स्टाफला मिळतात, की कंपनी खाते?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सरळ उत्तर दिलं तर ते अर्धवट ठरेल.

पैसे स्टाफकडे जातात. तुमचा केबिन स्टुअर्ड, त्याचा मदतनीस, डायनिंग रूममधला वेटर, असिस्टंट वेटर यांचे वाटे ठरलेले असतात. राहिलेला भाग मागे काम करणाऱ्या, तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या लोकांत फिरतो. बुफेची भांडी उचलणारे, काही कंपन्यांत लाँड्री आणि गॅलीतले, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातले लोकही त्यात येतात. कोणाला किती, हे कंपनीगणिक बदलतं.

पण मेख पुढे आहे. बऱ्याच ठिकाणी टीप घेणाऱ्या स्टाफच्या करारात मूळ पगार अगदी थोडा असतो, आणि त्याखाली एक हमी लिहिलेली असते: महिन्याला एकूण अमुक डॉलर मिळतीलच. ही हमी आधी तुमच्या ग्रॅच्युइटीतून भरली जाते. ती कमी पडली तरच कंपनी वरची भर घालते. म्हणजे ‘शंभर टक्के टीप स्टाफला जाते’ हे वाक्य खरंच आहे. फक्त त्या शंभर टक्क्यांमुळे कंपनीचा स्वतःचा पगाराचा बोजा किती हलका झाला, ते त्या वाक्यात येत नाही.

मी टिपेला बक्षिसी म्हणणं दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टलाच सोडलं. बक्षिसी म्हणजे पोटभर जेवल्यावर वर आलेला लाडू. आमच्या ताटात वरणभातच त्या पैशाचा होता.

मग कंपन्या सरळ पगारच का देत नाहीत?

कारण तसं करायला त्यांना कोणी भाग पाडत नाही.

बोट मायामीहून सुटते, प्रवासी अमेरिकी, कंपनीचं मुख्यालय मायामीत. पण मागच्या बाजूला झेंडा बघा: बहामाज, पनामा, बर्म्युडा, माल्टा. बोटीवर कायदा झेंड्याच्या देशाचा चालतो. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं मुख्यालय मायामीत असलं तरी कंपनी नोंदवलेली लायबेरियात, १९८५ साली. अमेरिकेच्या १९३८ च्या कामगार कायद्यात किमान वेतन आहे, पण परदेशी झेंड्याच्या बोटीवरच्या खलाशांना त्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. याउलट ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीची ‘प्राइड ऑफ अमेरिका’ ही हवाई बेटांभोवती फिरणारी बोट अमेरिकी झेंड्याखाली चालते, म्हणून तिच्यावर अमेरिकी कामगार कायदा लागू आहे आणि बहुतेक स्टाफही अमेरिकीच आहे. त्याच कंपनीच्या इतर बोटींवर भारत, फिलिपिन्स, इंडोनेशिया. काम तेच, झेंडा वेगळा.

टीप आपोआप बिलात घालायची पद्धत फार जुनी नाही. पूर्वी तुमचं जेवणाचं टेबल आणि वेटर सबंध सफरीभर एकच असायचा. शेवटच्या रात्री पाकिटं वाटली जायची आणि पाकीट द्यायचं टाळणारे त्या रात्री बुफेत जेवायला जायचे. २००० च्या सुमारास नॉर्वेजियनने ‘कुठेही, केव्हाही जेवा’ अशी पद्धत आणली. रोज वेगळा वेटर, मग पाकीट कोणाला द्यायचं? त्यातून रोजची ठरलेली वसुली आली आणि बाकीच्यांनीही ती उचलली.

टिपेवर जगणारा स्टाफ मात्र जुनाच. गोव्याचे तारवटी ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून गेले. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावला गावागावांच्या ‘कुडी’ याच लोकांसाठी होत्या. पुढची बोट मिळेपर्यंत तिथे ट्रंक ठेवून राहायचं. माझ्याबरोबर काम केलेल्या, गोव्यातल्या सासष्टीच्या एका माणसाचे वडील आणि आजोबा दोघंही स्टुअर्ड. तो म्हणायचा, आजोबांना साहेब लोक नाणं तळहातावर ठेवून द्यायचे, आपल्याला ते अ‍ॅपमध्ये दिसतं, एवढीच प्रगती.

ग्रॅच्युइटी बिलातून काढून आपल्याला आवडलेल्या माणसाला रोख दिली तर चालेल का?

बऱ्याच कंपन्यांत गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ती कमी करता किंवा काढता येते. नियमाने चालतं. पण तुम्ही समजता तसं ते घडत नाही.

एक म्हणजे, काही कंपन्यांत असा नियम असतो की प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली असेल तर त्या केबिनकडून मिळालेली रोख टीप स्टाफने सामायिक खात्यात जमा करायची. म्हणजे तुम्ही मुद्दाम हातात दिलेले वीस डॉलर शेवटी त्याच वाटपात. दुसरं, तुम्हाला आवडलेला माणूस दिसणारा असतो. ज्याने रात्री दोनला तुमच्या चादरी इस्त्रीतून काढल्या त्याचा चेहरा तुम्हाला माहीत नाही, म्हणून त्याचा वाटा बुडतो.

एकदा भूमध्य समुद्रात माझ्या केबिन्समध्ये पुण्याचं एक मोठं कुटुंब होतं, तीन केबिन मिळून. फार गोड माणसं. मी मराठी आहे कळल्यावर आजी रोज विचारायच्या, “जेवलास का रे?” उतरताना त्यांनी बाकरवडीचं पाकीट आणि लसणीची चटणी दिली, डोळ्यांत पाणी आणून. संध्याकाळी सुपरवायझरने ज्या केबिन्सनी ग्रॅच्युइटी काढली त्यांची यादी दाखवली. तिन्ही केबिन होत्या. राग आला नाही, खरंच. बाकरवडी त्या रात्री आम्ही सहाजणांनी मिळून खाल्ली. पण त्या आजींना कोणी सांगितलं असतं की हा मुलगा पगारावर नाही, तुमच्या त्या रकमेवर आहे, तर त्यांनी मुलाला ती काढू दिली नसती याची मला खात्री आहे.

सेवा खरोखर वाईट असेल तर तक्रार करा, दुसऱ्याच दिवशी करा, शेवटच्या दिवशी नको. वाईट सेवा सुधारता येते. सफर संपल्यावर काढलेले पैसे कोणालाच काही शिकवत नाहीत.

ग्रॅच्युइटी भरली आहे, वर आणखी द्यायचं का?

बंधन नाही. मनापासून द्यायचंच असेल तर शेवटच्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाच-दहा डॉलर द्या. रोख नोट थेट माणसाकडे राहते (वरचा नियम सोडून) आणि तिचं मोल रकमेपेक्षा जास्त असतं. रुपये देऊ नका. बार्सिलोनात ते बदलायला आम्ही कुठे जाणार?

ड्रिंकवर १८ टक्के लागले. त्यावर पुन्हा टीप?

नको. बार आणि स्पामध्ये १८ ते २० टक्के आधीच चढवलेले असतात. पावतीवर ‘अ‍ॅडिशनल टिप’ची रिकामी ओळ असते, तिच्यावर काट मारून सही करा. बारटेंडरला त्यात अपमान वाटत नाही. ड्रिंक पॅकेज घेतलं असेल तर हे टक्के पॅकेजच्या किमतीवरच लागतात. म्हणजे तुम्ही दोनच मोसंबीचे ज्यूस प्यायलात तरी लागतात.

बोटीवर टीप कोणाला मिळत नाही?

सहसा डेक आणि इंजिनातले लोक, अधिकारी, रिसेप्शन, नाचणारे-गाणारे, मुलांच्या क्लबमधले, डॉक्टर. त्यांचा पगार ठरलेला. इंजिनातल्या फिटरला कोणी पाकीट देत नाही, पण कॉन्ट्रॅक्ट वाचताना त्याला निदान आपल्याला किती मिळणार हे कळतं. तो निवांतपणा आमच्या वाट्याला नव्हता.

टीप नसलेली क्रूझ असते का?

असते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून रोजची ग्रॅच्युइटी बंद केली आणि ती भाड्यात घेतली. सिल्व्हरसी, सीबॉर्न, रीजंट यांसारख्या महागड्या कंपन्यांत ती तिकिटातच असते. ऑस्ट्रेलियात टीपची सवय नसल्याने तिथे भाड्यातच धरायचा प्रघात आहे. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं. जिथे प्रवासी कुरकुरतो तिथे ते भाड्यात जातं, जिथे तो मुकाट्याने भरतो तिथे वेगळं राहतं.

मुंबईहून सुटणाऱ्या बोटींचं काय?

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची असे फेरे करते. बोट १९९० ची, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होती. अशा छोट्या सफरींत भाडं, जीएसटी, बंदर शुल्क, सर्व्हिस चार्ज असे तुकडे बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसतात. पहिल्या पानावरची किंमत धरून भावोजींना ‘इतक्यात होतंय’ असं सांगू नका.

बोटीवर किती तास काम असतं?

२००६ चा सागरी कामगार करार, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, २० ऑगस्ट २०१३ ला लागू झाला. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात २४ तासांत जास्तीत जास्त १४ तास आणि आठवड्यात ७२ तास काम अशी मर्यादा आहे. किंवा दुसऱ्या बाजूने मोजायचं तर २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. विश्रांतीचे दोनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत, आणि एक तुकडा निदान सलग सहा तासांचा हवा.

यात रविवार नाही हे लक्षात आलं का? सहा, सात, आठ महिने सलग. दुपारी तीन तास मिळतात तेव्हा झोपायचं की बंदरावर उतरून घरी व्हिडिओ कॉल लावायचा, हा रोजचा पेच.

सर्वांत वाईट दिवस म्हणजे होम पोर्टचा. सकाळी जुने प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढतात. मधल्या तीन-चार तासांत अठरा केबिन पालथ्या घालून पुन्हा उभ्या करायच्या. सगळ्या बोटीचं सामान खालच्या मुख्य बोळातून जातं. आम्ही त्या बोळाला अमेरिकेतल्या महामार्गाच्या नावाने ‘आय-९५’ म्हणायचो, आणि त्या दिवशी तिथे दादर स्टेशनसारखी अवस्था असते. मी ज्या बोटींवर होतो त्यांतल्या एकीवर लाँड्रीतून चांगल्या चादरी लवकर मिळाव्यात म्हणून स्टुअर्ड आपल्या टिपेतले पाच डॉलर लाँड्रीवाल्याला सरकवायचे. तुमच्या टिपेलाही पुढे टीप असते.

तासांची नोंद संगणकात होते आणि महिन्याअखेर आपण सही करतो. वाचून सही करा. मी पहिली दोन वर्षं न वाचता केली.

पगार खरोखर किती मिळतो? एजंट तर दोन लाख सांगतो.

मी केबिन स्टुअर्ड असताना टीप धरून महिन्याला ११०० ते १५०० डॉलर पडायचे. असिस्टंट वेटर होतो तेव्हा याहून बरेच कमी. हा माझा अनुभव, दरपत्रक नव्हे. राहणं-जेवण फुकट, म्हणजे दोघांची खिडकी नसलेली केबिन आणि मेसमधला भात. मेसमध्ये डाळ रोज असते, हे आईला आधी सांगा.

क्रूझवरच्या वेटरसाठी जगभर लागू होईल असा सक्तीचा किमान पगार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा जो आकडा लोक दाखवतात तो डेकवरच्या कुशल खलाशाचा किमान मूळ पगार आहे: २०२५ साली ६७३ डॉलर, २०२६ पासून ६९०. तो मापदंड म्हणून उपयोगी, पण तुमच्या कॉन्ट्रॅक्टवर बंधन नव्हे. बऱ्याच बोटींवर युनियनचा सामूहिक करार असतो. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनच्या बोटींवर नॉर्वेच्या खलाशी संघटनेचा आहे. त्याची प्रत बोटीवर मागता येते. माझ्या नऊ वर्षांत ती मागणारे मी तीन जण बघितले.

आता एजंटच्या ‘दोन लाखां’चं गणित. वर्षातले बारा महिने मिळत नाही. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे दोन महिने घरी बसता तेव्हा स्टुअर्ड-वेटरला सहसा काहीच येत नाही. त्याच काळात मेडिकल, व्हिसा, कधी कोर्सचं नूतनीकरण. म्हणून महिन्याचा आकडा आठ किंवा नऊने गुणा, खर्च वजा करा, मग बाराने भागा. तो आकडा घरी सांगा. आणि ‘पुढचं कॉन्ट्रॅक्ट नक्की’ असं कधी धरू नका. एप्रिल २०२० मध्ये ‘मारेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईबाहेर समुद्रात परवानगीची वाट बघत अडकले होते. ते उतरले, पण त्यानंतर सगळ्याच कंपन्यांच्या पोरांनी कित्येक महिने बिनपगारी घरी काढले. आमच्या गावात त्या वर्षी दोघांनी मासे विकले, एकाने रिक्षा घेतली.

कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन ओळी शोधा: मूळ पगार किती, हमीची एकूण रक्कम किती, आणि ती हमी टीप धरून आहे की टीप सोडून.

एजंट तीन लाख मागतो. द्यायचे का?

नाही. एमएलसीनुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंदवही), मेडिकल असे ठरावीक खर्च तुमचे असू शकतात, ‘सीट’चे नाहीत. भारतात भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. नाव जुळवा, पत्ताही जुळवा. एका परवान्याच्या झेरॉक्सवर चार गावांत दुकानं थाटलेली मी पाहिली आहेत.

कोर्सची फी वेगळी. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, मूलभूत सुरक्षा कोर्स करावे लागतात, पण मान्यताप्राप्त संस्थेत आणि पावती घेऊन. ‘कोर्स आणि नोकरी मिळून अमुक’ असं एकत्र सांगणारा माणूस दिसला की चहा पिऊन उठा.

पैसे घरी कसे येतात? टॅक्स लागतो का?

बहुतेक कंपन्या पे-कार्डावर पगार टाकतात, तिथून बँकेत पाठवायचा. टीपचा वाटाही त्यातच येतो, वेगळा नाही. खातं एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, काढा.

आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर सर्वसाधारणपणे अनिवासी धरतात. दिवस मोजताना सीडीसीवरच्या साइन ऑन, साइन ऑफच्या, म्हणजे बोटीवर कामाला लागल्याच्या आणि सुटल्याच्या, तारखा महत्त्वाच्या. अनिवासी खलाशाने परदेशी बोटीवर, भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, असं प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. मुंबई-गोवा करणाऱ्या बोटीवर असाल तर मात्र तुम्ही देशाबाहेर गेलातच नाही. सीए खलाशांचं काम करणाराच गाठा. दिवस चार-पाचने चुकले की वर्षाचा पगार करपात्र होऊ शकतो.

पैशाव्यतिरिक्त प्रवाशाने स्टाफसाठी काय करावं?

शेवटी ईमेलवर सर्व्हे येतो, त्यात माणसाचं नाव लिहा. ‘सगळे छान होते’ याचा कोणालाच उपयोग नाही. नाव, काम, डेक नंबर. बढतीच्या वेळी हेच कागद मोजले जातात. मला असिस्टंट वेटरमधून वर काढलं तेव्हा सुपरवायझरच्या टेबलावर अशा अकरा नोंदी होत्या. त्यांतल्या चार नोंदींमध्ये माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, म्हणून त्या मोजल्या नाहीत. नाव बिल्ल्यावर असतं, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.